तीन नंबर

भरमा गोव्याला गेला
आणि कीबोर्ड राहिला वडगावात, माझ्याकडे,
आईच्या इरकली लुगड्यात गुंडाळलेला.

पाच गाणी मावतात त्यात.
सहावं भरायचं तर एक पुसावं लागतं.
पोरगं म्हणतं, गणपतीत कार्यक्रम आहे, आत्या,
तीन नंबर तसाही चुकलाय की.

चुकलाय खरा.
अंतऱ्यात डावा हात चालत राहतो
आणि उजवा एक मात्रा गप्प.

त्या दिवशी शेजारचे माग चालू होते,
खटाखट, भिंतीतल्या खिळ्यांपर्यंत.
मशीनला त्यातलं काहीच ऐकू गेलं नाही.
त्याला फक्त बोटं कळतात,
कुठली पट्टी, किती जोर, केव्हा सोडली.

गंगव्वानं दारातून डोकं घालून
जेवणाचं विचारलं होतं, ऊटा आतेन?
मान न वळवता भरमा म्हणाला, आत्री.
तेवढीच मात्रा.

माग भंगारात गेले. गंगव्वा लेकीकडे, गोकाकला.

पोराला म्हटलं, एक पूस, चार पूस,
पाचवं तर माझंच आहे, तेही पूस.

रात्री आवाज बारीक करून लावते तीन नंबर.
ती जागा आली की
उद्याची भाजी निवडता निवडता
माझ्याच तोंडून निघतं,
आत्री.