प्रवासाचं कारण

कावळा नाक्यावरच्या पोरानं विचारलं,
"कंपनीचं काम?"
मी मान अशी हलवली
की त्यानंच काय ते समजावं.
कोड टाकला. अठरा टक्के कमी.

आक्का मागं बसली, मांडीवर दहीभाताचा डबा.
"साहेबाला इचारलंस न्हवं?"
मांडुकलीच्या वळणावर तिला मळमळलं,
काच उतरवायचं बटण सापडेना.

गगनबावड्यात धुकं. दरी नाही, कोकण नाही,
समोर नुसतं पांढरं.
तरी म्हणाली, बरं झालं आलो.

गाडी परत देताना फॉर्मवर रकाना: प्रवासाचं कारण.
शिरोलीच्या फौंड्रीत तेवीस वर्षं पावत्या तपासतोय,
या रकान्यात लोक काय लिहितात
मला पाठ आहे.

लिहिलं: आक्काला घाट दाखवणे.
तेही खरं नव्हतंच पुरतं.

पोरानं न वाचता शिक्का मारला,
"चिखल लय लागलाय, काका."