चाखणी

तासगावच्या शीतगृहात माझं काम सोपं.
पेटी उघडायची, मूठभर तळहातावर पसरायचे,
रंग, फुगीरपणा, देठ राहिलाय का,
मग एक बेदाणा दाताखाली
आणि वहीत लिहायचं : हिरवा, एक नंबर.

त्या वर्षी मी चावून थुंकत होते.
कोपऱ्यात रंगाचा रिकामा डबा ठेवलेला.
दिवसाला दीडशे पेट्या.
दीडशे बेदाण्यांत किती कॅलरी
हे मला झोपेतून उठवलं तरी सांगता आलं असतं;
पोराच्या सहलीचे पैसे भरायचे तेवढे राहून गेले.

स्पर्धा मे महिन्यात, मिरजेला.
विश्रामबागच्या जिममध्ये पाटणकर सर म्हणाले,
शेवटचे चौदा दिवस. मीठ बंद, मग पाणी कमी.
कातडीखालचं सगळं निघून गेलं पाहिजे.

चौदा दिवस.
सावळजच्या शेडमध्ये द्राक्षालाही साधारण तेवढेच लागतात.
त्याला आधी तेलात बुडवतात,
जाळीवर आडवं घालतात,
बाकीचं वारा बघतो.
मला तेल शेवटी लावणार होते
एवढाच फरक.

घरात दोन काटे. एक कोंबडीचा, एक माझा.
सकाळी काटा जे म्हणेल
त्यावर दिवसभर मी चांगली की वाईट.
रात्री दोनला ओट्यापाशी उभी राहून
भडंगाच्या पिशवीचा नुसता वास घ्यायचा,
गाठ सोडायची, गाठ मारायची.
एकदा,
हे सरांना अजून सांगितलेलं नाही,
अख्खी पिशवी संपवली, दिवा न लावता,
लसणाच्या पाकळ्यांसकट,
आणि पहाटे कवठ्याच्या रस्त्यानं धावत सुटले
कुणाची तरी पाकीटमारी केल्यासारखी.

दुपारी निवडणाऱ्या बाया गोल करून बसायच्या.
मी काट्यामागे, पाठमोरी,
अंड्याचा पांढरा भाग आणि काकडी.
हौसाबाई मगदूम एक दिवस तिथवर आल्या.
त्यांनी रंगाचा डबा उचलला, आत पाहिलं.
नळावर नेऊन धुतला,
उन्हात पालथा घातला
आणि हात पदराला पुसत म्हणाल्या,
“जिभंला सवतीगत वागिवतीस व्हय गं?”

एवढंच. मग त्या भाकरी खायला गेल्या.

पुढची पेटी बोरगावची होती.
मी चावला. डबा नव्हता.
तोंडात धरून बराच वेळ उभी राहिले,
हमाल बघत होता, म्हणून गिळला.
गोड. मग मागून किंचित आंबट,
मग पुन्हा काहीतरी, ज्याला शब्द आला नाही.
सहा वर्षं मी वहीत ‘एक नंबर’ लिहीत आले
आणि आंबट हा रकानाच नव्हता तिथं.
डोळ्यांत पाणी आलं,
तेव्हा आधी हेच वाटलं :
अरे, अजून आहे की पाणी.

स्पर्धेला गेले. पाचवी आले.
त्या सकाळी अर्धी भाकरी आणि दही खाल्लं होतं,
पाणीही तहानेपुरतं.
सर म्हणाले, पोट दिसतंय.
दिसू दे, असं काही मी म्हटलं नाही.
तेल पुसलं, साडी नेसले,
स्टँडवर उसाचा रस घेतला, बिनबर्फाचा,
आणि शेवटचा घोट ग्लासात ठेवावा की संपवावा
यात एस.टी. जवळजवळ चुकली.

वजन अजून उचलते. आवडतं मला,
लोखंड जमिनीवरून सुटतं तो क्षण.
त्यासाठी पोटात काही लागतं,
हे मांड्यांना आधीच माहीत होतं.

आणि काही दिवशी अजून मोजते,
टेबलाखाली, बोटांच्या पेरांवर.
हौसाबाईंना कळतं.
त्या वर न बघता ठेचा माझ्याकडं सरकवतात.

कोंबडीचा काटा त्यांच्या नातीला दिला, ती केक करते.
दुसरा माळ्यावर आहे.
बॅटरी काढली आहे,
टाकून मात्र दिली नाही.