तासाला वीस मिनिटं

त्या मार्चमध्ये मी नववीत होते,
शार्दूल नाबर दहावीत.
नियमच तसा : लिहिणारा एक इयत्ता खालचा हवा,
म्हणजे त्याला उत्तरं माहीत नसतात.
(मला होती. थोरल्या भावाची पुस्तकं
आमच्या घरी मीच वाचायचे.)

त्याच्या आईकडे एक निळी फाइल.
खौला हॉस्पिटलचा दाखला अरबीत,
त्याचं इंग्रजी रुवीतल्या टायपिंगवाल्याकडून,
त्यावर शिक्का, शिक्क्यावर सही,
आणि सगळ्यात वर दिल्लीचं पत्र :
दाखला सहा महिने जुना आहे, ताजा पाठवा.
"ताजा?" नाबरकाकू म्हणाल्या, "मासळी आहे का ही?
जन्मल्यापासूनचं आहे पोराचं. ताजं कुठून आणू?"
तरी आणलं.

मग मंजूर झालं : मी, वेगळी खोली,
आणि तासाला वीस मिनिटं जादा.

खोली म्हणजे जीवशास्त्राची प्रयोगशाळा.
कपाटात बरणीतला ऑक्टोपस, खिडकीत वादी कबीरचे
भाजक्या विटेच्या रंगाचे डोंगर,
दाराशी लीलाम्मा टीचर, चपला काढून बसलेल्या.

शार्दूलचे शब्द पोहऱ्यासारखे वर येत,
हिंदकळत, निम्मे वाटेत सांडत.
दोन महिने रोज संध्याकाळी त्यांच्या घरी बसून
मी सांडलेलं ऐकायला शिकले होते.

नकाशात कांडला बंदर दाखवायचं होतं.
त्याचं बोट निघालं, समुद्रात गेलं,
राजस्थानात शिरलं, परत समुद्रात.
मी पेन्सिल उचलून थांबले.
बोट स्थिरावेपर्यंत थांबायचं,
ती वीस मिनिटं ह्याच्यासाठी असतात,
हे मला तेव्हा कळलं.
कच्छच्या आखातात एकदाचं टेकलं,
नखाखाली थरथरत.
मी ठिपका दिला.

पुढचा प्रश्न : दांडीयात्रा.
तो म्हणाला, "एकोणीसशे... एकतीस."

तीस. मला ठाऊक होतं, तीस.
मी काहीच बोलले नाही.
फक्त माझं पेन
कागदापासून केसभर वर राहिलं,
एक श्वास. दीड.

त्याने ते पाहिलं.
ज्याचे हात आयुष्यभर सगळे बघत आले,
त्याला दुसऱ्याचा हात बरोबर वाचता येतो.
त्याची मान वळली, ओठ ओले झाले,
आणि अख्ख्या पेपरातलं सगळ्यात स्वच्छ वाक्य तो बोलला :
"मी बोललो ते लिही."

लीलाम्मा टीचरनी वर पाहिलं. पुन्हा खाली.
मी एकतीस लिहिलं.
माझ्या वळणदार अक्षरात, त्याची चूक.
कान इतके तापले
की डोंगरावरचं ऊन आत आल्यासारखं वाटलं.

दीड वाजता घंटा झाली. बाकीची मुलं सुटली,
अंगणात बाटल्या, हाका, "तुझं काय आलं?"
मग एकेक बस गेली.
पुढचा तास आमचा. एसीची घरघर,
आणि एक वाक्य, आणि त्याची विश्रांती,
आणि एक वाक्य.

खाली शेवटची बस उभी होती.
रोजे चालू होते. दादकरीम, बलुची ड्रायव्हर,
सीट मागे टाकून, तोंडावर रुमाल घेऊन पडलेला,
पहाटेपासून पाण्याचा थेंब नाही,
आणि आमच्यामुळे एक तास जास्त.
त्याच्यासाठी कुठलं पत्र आलं नव्हतं.

तो उठला, रॅम्प लावला,
खुर्ची ढकलताना शार्दूलच्या कानाशी वाकला :
"खलास?"

माझी बोटं शाईने निळी, मनगट दुखत होतं.
मला सांगायचं होतं सॉरी, की मी फक्त...
पण तो दादकरीमकडे बघून हसत होता,
सगळ्या मानेने, सगळ्या खांद्यांनी.
"खलास," म्हणाला.
आणि ते कुणालाच लिहून घ्यावं लागलं नाही.