दीड फूट वायर

फोन म्हणतो, जागा शिल्लक नाही.
कोपरखैरण्यात कोणाकडे आहे?
या दहा बाय बारात मशीन, कपाट, इस्त्रीचं टेबल,
ट्रायलला बाई आली की कॉट उभी करावी लागते.
मी कधी बोलून दाखवलं?

पण उद्या घुगेबाईंची मुलगी येणार,
तिला मागचे गळे दाखवायचेत. मटका, पान, दोरीवाला.
आणि कॅमेरा आता नवीन काही घेईना.
म्हणून रात्री साडेनऊला
प्रज्योतच्या सेकंडहँड कॉम्प्युटरला फोन जोडला.
पिन तिसऱ्यांदा गेली. आधी उलटी होती,
मग सुलटी केली, ती खरी उलटी निघाली.

फोनवर विजेची खूण आली.
कॉम्प्युटर ढिम्म,
दारात कोणी आलंच नसल्यासारखा.

प्रज्योतला विचारावं तर तो महापेला,
बिनखिडक्यांच्या त्या इमारतीत रात्रपाळीला.
तिथे म्हणे सगळ्या जगाचे फोटो कपाटांत ठेवलेत
आणि हा त्यांना गार ठेवतो.
स्वतःचा फोन गेटवर जमा.
लोकांचे फोटो समुद्राखालून येतात त्याच्याकडे,
माझे दीड फूट सरकत नाहीत.

खाली रिचार्जवाला मुनाफ शटर ओढतच होता.
वायर उलटसुलट करून म्हणाला,
ताई, ही नुसतं जेवू घालते, बोलत नाही.
मी हसले. अशा एकाबरोबर
एकोणीस वर्षं काढली आहेत मी.

नव्वद रुपयांची नवी आणली.
आता कॉम्प्युटरवर फोनचं नाव उमटलं.
उघडलं तर आत काही नाही.
हा फोल्डर रिकामा आहे.
रिकामा? दोन हजार तीनशे चौदा पाठी आहेत त्यात!
दोन्ही बंद केले, चालू केले.
फोन बंद असताना भोकात हातसुई घातली, अगदी हलक्या हाताने,
तर अबोली धाग्याचा गुंता निघाला.
दळवी वहिनींच्या डोहाळजेवणाचा ब्लाउज.
ते पोर आता बालवाडीत जातं.

तरी रिकामाच.

मग पाचव्यांदा जोडताना चष्मा लावला
आणि दिसलं, की फोन दर वेळी मला विचारत होता,
या कॉम्प्युटरला आत येऊ द्यायचं का?
आणि मी दर वेळी न वाचता
नाही दाबत होते.
लाइटबिलवाल्या भामट्याने चार हजार नेले
तेव्हापासून प्रज्योतचीच शिकवण:
आई, फोन काहीही विचारू दे, तू नाही म्हण.

दाबलं हो.

मग आल्या एकेक. बिनतोंडाच्या बायका,
वेण्या पुढे घेतलेल्या, टाचण्या लावलेल्या.
कॉम्प्युटर म्हणे चार मिनिटं, मग म्हणे दोन तास,
मग अकरा मिनिटं. अगदी माझ्यासारखं,
मीही गिऱ्हाइकाला असंच सांगते.
स्क्रीन विझली की काम अडायचं,
म्हणून बोट लावत बसले,
झोप येणाऱ्या पोराला घास भरवताना
गालाला लावतात तसं.
मध्ये कोंडेबाईंची पाठ गेली. छत्तीस.
मागोमाग परत त्याच, बत्तीस.
नंतर त्या आल्या नाहीत. पनवेलला गेल्या म्हणतात.

सकाळी सातला प्रज्योत आला,
शर्ट अजून गारच.
झालं का?
झालं. सतरा उघडत नाहीत.
त्यांची फाइल वेगळी असते, बघतो, म्हणाला,
आणि फोन हातात घेऊन, आता इथले उडवू ना?

मी फोन काढून घेतला.
घुगेबाईंच्या मुलीसाठी दोन-चारशे उडवीन,
सगळे नाही.
अरे, ब्लाउज अंगाला बसला म्हणून
आतलं कापड कोणी कापून टाकतं का?
शिवणीत बोटभर माया सोडावी लागते.
चहा ठेव. मला दहाला काज करायचेत.