वळचणीचा चेहरा

रोमहून आलेलं पोस्टकार्ड शाणूमामाला दाखवलं
तेव्हा तो इस्मेनियाबाईंच्या आढ्यावरल्या कोंबड्याला
शेपूट लावत होता.
जुना कोंबडा वादळात माडाच्या झावळीनं पाडला.
तुकडे बाईंनी लोटलीहून आणले होते,
बिस्किटांच्या डब्यात, खाली रुमाल घालून.

कार्डावर भाजक्या मातीचा चेहरा.
डोळे वटारलेले, जीभ हनुवटीपर्यंत बाहेर,
केसांत थोडा काळा,
ओठांवर थोडा तांबडा रंग तगलेला.
एट्रुस्कन, मी म्हणालो. अडीच हजार वर्षं.
देवळाच्या वळचणीला असे ओळीनं लावायचे,
कौलांची उघडी तोंडं झाकायला.
आणि वर आढ्यावर देव उभे.
तेही मातीचेच. माणसाएवढे.

"देऊळ?"
लाकडाचं होतं. कुजलं.
"भिंती?"
कच्च्या विटांच्या. पावसानं नेल्या.
"देव?"
मी खांदे उडवले.
त्या लोकांची अक्षरं वाचता येतात, मामा,
पण बोलणं पुरतं कळत नाही कुणाला.

पंचाला हात पुसून त्यानं कार्ड घेतलं
आणि लगेच उलटं केलं.
मागं माझा पत्ता.
चित्रकला शिक्षक, डिचोली, गोवा.
तिकिटावर अर्धवट उमटलेला शिक्का.
तो बराच वेळ बघत राहिला.
"पाठ खंय?"

मी हसलो. तो नाही हसला.
मुखडा काय, साचा करतो, म्हणाला,
साचा मेल्या माणसाचाही चालतो.
करणारा असतो मागच्या अंगाला:
माती किती जोरानं दाबली, कुठं घाई केली,
अंगठा वाकडा होता की काय.
आणि माणसाएवढा देव भाजायचा
तर वारा जायला भोक कुठं ठेवलं होतं त्यांनी?
फुटला असता भट्टीत.
देव असला म्हणून काय.

मला ठाऊक नव्हतं.
देवाच्या भोकाविषयी कार्डावर
काही छापलेलं नव्हतं.

खाणीचे ट्रक थांबून वर्षं झाली
तरी रस्त्याकडेची झुडपं अजून तांबडी.
त्या तांबड्या उजेडात मामानं कोंबडा आडवा घेतला,
पोटात हात घालून चार बोटांनी माती ओढली,
गळ्यापासून शेपटापर्यंत.
एरवी तो आतून ओलं फडकं फिरवतो.
आज फडकं दोरीवरच राहिलं.
मी विचारलं नाही.

कार्ड त्यानं परत दिलं नाही.
भट्टीच्या खोलीत, तुळईच्या फटीत खोचलंय:
जीभ भिंतीकडे,
माझा पत्ता बाहेर.

डिसेंबरात कोंबडा लोटलीला छपरावर चढला.
गवंड्यानं चोच शेतांकडे केली, पाठ दाराकडे.
इस्मेनियाबाई अंगणातून ओरडल्या:
रस्त्याकडे, रे, रस्त्याकडे!
येणारा दिसायला नको त्याला?