उद्या पाठीशी

रात्रभर बटाटे उघड्यावर होते,
हिवाने त्यांचे दगड झाले.
सकाळी उन्हाने सैल पडले, तेव्हा
तोरिबिया तार्की अनवाणी चढली त्यांच्यावर
आणि तुडवू लागली.
पाणी निघालं, सालं निघाली.
पाठीवर रंगीत पट्ट्यांच्या कापडात बांधलेलं नातवंड,
पावलागणिक डुलणारं.

इथे, आंदीजच्या या उंच माळावर,
झालेलं सगळं पुढे असतं,
कारण ते पाहिलेलं असतं.
व्हायचं ते पाठीमागे.
उद्याबद्दल बोलताना तोरिबिया
अंगठा खांद्यावरून मागे नेते,
दारात कुणी उभं असावं तसा.
मेलेल्या बापाबद्दल बोलताना हात समोर, लांब.
यात कविता नाही. वाट सांगावी तसं सांगते.
(आपल्याही ‘पूर्वी’त पूर्व दिशा आहे.
आपण तिकडे बोट करणं सोडलं, एवढंच.)

पुढाऱ्याला हे ठाऊक नव्हतं.
पुढारी: शब्दच बघा.
जो पुढे तो पुढारी, उरलेले मागासलेले,
एवढ्या भांडवलावर किती निवडणुका निघाल्या आपल्या!
तर तो राजधानीहून आला, जीपमधून उतरला,
नळ सोडायला नव्हे,
नळ येणार हे सांगायला.
“बंधूंनो, आपलं भविष्य तिथे आहे, समोर!”
हात सरळ केला.
सगळ्यांनी पाहिलं.
समोर दफनभूमी होती.
खाणीतून खोकला घेऊन परतलेल्या वेन्सेस्लाओने
टोपी काढली. मग सगळ्यांनीच काढली.
पुढाऱ्याला वाटलं, सभा जिंकली.

मागून एक बाई म्हणाली,
“नळ येईल, हे तुम्ही पाहिलंत की ऐकलंत?”

हा आगाऊपणा नव्हता.
त्यांच्या भाषेत क्रियापदाच्या शेपटीलाच सांगावं लागतं,
डोळ्यांनी की कानांनी.
आपण एक ‘म्हणे’ लावतो, तोही मर्जी असेल तर.
तेल महागलं म्हणे. तिचं लग्न मोडलं म्हणे.
आणि नेमका जिथे हवा तिथे गिळतो.

पाद्री एउसेबियो इथलाच पोर,
शिकून परत आला आणि पहिल्याच रविवारी अडला.
तिसऱ्या दिवशी थडगं रिकामं होतं...
प्रत्यय कोणता?
पाहिलेला लावावा तर खोटं,
ऐकलेला लावावा तर देवळाचा पायाच हलतो.
वाक्य हवेत धरून तो उभा.
पहिल्या बाकावरून तोरिबिया हळूच म्हणाली,
“ऐकलेला लाव, बाळा.
आम्हीही ऐकूनच आलोय.”

तिची लेक निएवेस शहरात तत्त्वज्ञान शिकते.
वहीच्या पहिल्या पानावर ग्रीस, शेवटच्यावर जर्मनी,
मध्ये समासात पोराच्या दुधाचा हिशेब.
सुट्टीत आली. मुठीतल्या कोकाच्या पानांकडे बघत म्हणाली,
“आई, आपल्यात तत्त्वज्ञान होतं का गं?”
“काय असतं ते?”
निएवेसने सांगितलं: असणं म्हणजे काय,
कळतं ते कशावरून, न्याय कुणी ठरवायचा.
बराच वेळ सांगितलं.
तोरिबियाने एकही शब्द न तोडता ऐकलं.
“माहीत नाही,” म्हणाली. “पोतं धर.”

पोत्याचं तोंड निएवेसने धरलं.
पहिली ओंजळ आत गेली नाही,
ती बाजूला पडली, वेन्सेस्लाओसाठी;
यंदा त्याचं शेत गारांनी झोडपलं.
बाटली उघडली तेव्हा पहिला घोट जमिनीला.
कुणी काही म्हटलं नाही, निएवेसनेही नाही.
तिने फक्त वही काढली, उघडली,
आणि हात ओले आहेत म्हणून मिटून ठेवली.

पाठीवरचं पोर जागं झालं, चुळबुळलं.
तोरिबियाला ते दिसत नाही.
वजन तेवढं कळतं, महिन्याभरात वाढलेलं.
तिने हात मागे नेला,
कापडाची गाठ चाचपली,
जरा आवळली,
आणि पुन्हा बटाट्यांवर चढली.