दहा हजार सात

लिगोरियो मास्कारेन्यश वारला
मृत्युपत्र न करता.
मागे चिंबलचं गोदाम, त्यात लाद्या,
फूटभर चौरस, लाल सिमेंटच्या,
आणि सात वारस.
कोर्टानं मला मोजायला पाठवलं.

दोन दिवस मोजल्या. दहा हजार सात.
थोरली एर्मेलिंद छत्रीवर भार देऊन म्हणाली,
"परत मेज."
परत मोजल्या.
दहा हजार सात.

सातांत वाटल्या, चार उरल्या.
धाकटा म्हणाला, मला नकोत, सहाच धरा.
पाच उरल्या.
मग लिस्बनहून कुणा सुनेचं पत्र आलं, तिलाही हिस्सा हवा,
आठ केले, तर सात उरल्या.
माझ्या वहीकडे सगळे असे बघत होते
जणू त्या उरलेल्या मीच खिशात घातल्यात.

त्या संध्याकाळी एकटाच थांबलो.
लादीच्या कपच्यानं भिंतीवर भागाकार मांडले:
अकरा, तेरा, सतरा,
तेविसाला वाटलं जमतंय, दोन उरल्या,
एकसष्टाला तीन,
सत्त्याण्णवाला सोळा.
शंभराच्या आतल्या पंचवीस मूळ संख्या,
पंचवीसही हात हलवत परतल्या.
पुढं जायची गरज नव्हती.
एक बाजू शंभराच्या पार गेली
तर दुसरी शंभराच्या आत येणारच,
आणि आतल्या सगळ्या तपासून झाल्या होत्या.

म्हणजे या लाद्यांची खोली होत नाही.
सगळ्या वापरायच्या तर अंगण नाही, व्हरांडा नाही,
फक्त एक ओळ,
एकीला एक लावून,
पणजीच्या टोकापासून खाडीच्या कडेनं
जवळजवळ रायबंदरपर्यंत,
पाऊलभर रुंद, दहा हजार सात लांब.
चालणाऱ्यानं एकट्यानं चालावं.

आणखी दोन असत्या तर?
दहा हजार नऊ. तीही मूळच, जुळी बहीण.
तिचीही एक खोली होत नाही, पण दोन चौक होतात:
शंभर बाय शंभरचा एक,
तीन बाय तीनचा दुसरा, शेजारी.
आमच्या वाट्याला आली तिला तेवढीही सोय नाही.
चारनं भागून तीन उरणारीला
दोन चौरसांत बसवता येत नाही, कितीही खटपट करा.

सुनेचा दावा कोर्टात टिकला नाही,
धाकट्यानं मन बदललं, पुन्हा सातच.
मी अहवालात लिहिलं:
चार नग तडा गेलेले, वगळले.
तडा नव्हता.
तीस वर्षांच्या नोकरीत एवढंच खोटं.
प्रत्येकी चौदाशे एकोणतीस. सह्या झाल्या.
एर्मेलिंदनं छत्री उघडली, ऊन नसताना.

घरी जाताना बसमध्ये
सवयीनं भागून बघितलं.
सात, अकरा, तेरा... सदतीसपर्यंत.
चौदाशे एकोणतीसही कुणाला दाद देत नाही.
यांची मुलं भांडतील तेव्हा
मोजायला दुसरा कुणीतरी असेल.

त्या चार लाद्या माझ्याकडे आहेत.
मागच्या दारी, नळाखाली,
दोन बाय दोन.
वर बादली बरोबर बसते.